सिंगल रजई

दिल्लीतला मराठी माणूस कायमचा गावाकडे निघाला, की सगळ्यात आधी रजया वाटतो. बाकी सगळं ट्रकात चढतं. कपाट चढतं, मिक्सर चढतो, मोडकं स्टूलसुद्धा चढतं. पण ती जाडजूड रजई चिपळूणला नेऊन काय करायची, तिच्यावर पापड वाळवायचे? मग ती मागे राहणाऱ्यांच्या गळ्यात पडते. मी मागे राहणारी. मुनिरक्याला माझ्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली एक पेटी आहे, तिच्यात भाऊसाहेबांची रजई आहे, विजयालक्ष्मीची आहे, आणखी दोघातिघांच्या आहेत. पेटी उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो, म्हणून मी ती उघडत नाही.

आता सांगा, पंचवीस डिसेंबरला सकाळी सुमित्रा आपली रजई पिंजून घ्यायला निघाली, तेव्हा मला आनंद होणार नाही तर काय?

सुमित्रा आणि मी एकाच मंत्रालयात, शेजारशेजारच्या टेबलांवर उभी हयात काढली. तिचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झाली. मी तर लग्नच केलं नाही, आणि गावी मला विचारणारं कुणी उरलेलं नाही. ती जूनमध्ये रिटायर झाली. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर डिसेंबरअखेर सोडायचं होतं. तिचा मुलगा विनायक चिपळूणला असतो, तो रोज फोनवर एकच टुमणं लावायचा, आई, इकडे ये. आणि मी रोज दुसरं टुमणं लावत होते, की आपण दोघी मिळून इथेच, दिल्लीतल्या द्वारकेला फ्लॅट घेऊ भाड्याने. दोन खोल्या, लिफ्ट, बाल्कनीत ऊन. एजंट माझ्या मागे लागला होता, पक्का करो मॅडम, पक्का करो. आणि ही बया महिनाभर "बघू गं" यापलीकडे तोंड उघडत नव्हती. आज हिच्याकडून हो म्हणवून घ्यायचंच, असं ठरवूनच मी घरून निघाले होते.

पंचवीस डिसेंबर हा आमचा ठरलेला दिवस. ऑफिसला नाताळची, म्हणजे इथल्या बड्या दिनाची सुट्टी, त्यामुळे नोकरीला लागल्यापासून आम्ही त्या दिवशी भटकायचो. आधी सरोजिनीच्या बाजारात खरेदी, मग आलू चाट, मग कॅनॉट प्लेसची रोषणाई. ती क्वार्टरच्या दारातच भेटली. नाकावर मास्क, डोक्याला मफलर आणि काखेत चादरीत बांधलेलं हे एवढं गाठोडं.

"काय गं सुमे, चोरी करून निघालीस की काय?"

"रजई आहे. कापसाचे गोळे झालेत. पिंजून घेते," ती म्हणाली आणि खोकायला लागली.

मी गाठोड्याचं एक टोक धरलं. मनात म्हटलं, अहिल्याबाई, जिंकलात! चिपळूणला निघालेली बाई कशाला मरायला रजई पिंजून घेईल? जाणारे लोक आहे तशी गोळे झालेली रजई देऊन मोकळे होतात. माझी सगळी पेटी त्याला साक्ष आहे.

बाजाराच्या मागच्या गल्लीत पिंजाऱ्याचं दुकान आहे. सुमित्रा त्याच्याशी बोलत होती तेवढ्यात मी समोरच्या गाडीवरून गरम शेंगदाणे घेतले. मागून तिचे शब्द कानावर आले, "भैया, सिंगल बना देना." आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रजई होती डबलची, तिची आणि तिच्या मिस्टरांची. डबलचा कापूस पिंजला की दोन सिंगल होतात, हे दिल्लीत कुणीही सांगेल. एक तिच्या खोलीत, एक माझ्या! खोळीसाठी तिने निळ्या फुलांचं कापड निवडलं. निळा रंग मला आवडतो हे तिला माहीत होतं.

"म्हणजे ठरलं ना गं?" मी विचारलं.

"चल आधी, गर्दी वाढेल," ती म्हणाली. झालं, मी ते हो धरलं.

मग मला जे भूत चढलं! फ्लॅटसाठी पडदे घेतले. पायपुसणं घेतलं. चहाचे दोन मोठे मग घेतले, एकावर घुबड, एकावर मांजर. घुबड तुझं, असं मी तिला सांगितलं, तर हसली. एरवी सुमित्रा भाव करायला लागली की दुकानदार हात जोडायचे. आज पडदेवाल्याने सांगितला तोच भाव तिने मान्य केला आणि मला म्हणाली, "घे, छान आहेत, ऊन येईल तेव्हा खुलतील." मला जरा चमत्कारिक वाटलं. पण म्हटलं, दमली असेल. गर्दी तरी केवढी! अख्खी दिल्ली स्वेटर घ्यायला तिथे लोटली होती. धूर आणि धुकं असं खाली उतरलं होतं, की दुपारी बारा वाजता दुकानांतले दिवे लागले होते. सूर्य आहे की नाही, कळत नव्हतं.

चाट तिने दोन घास खाल्लं आणि द्रोण माझ्याकडे सरकवला. मेट्रोचे जिने चढताना दर थोड्या पायऱ्यांनी कठड्याला धरून उभी राहायला लागली. मागची पोरं "आंटी, साईड" म्हणत पुढे जात होती.

"उद्या डॉक्टरकडे चल माझ्याबरोबर. बिल्कुल ऐकणार नाही मी."

"जाऊन आले."

"मग? काय म्हणाला?"

"काय म्हणणार. हवा वाईट आहे म्हणाला."

"ती काय आजची वाईट आहे? वाफारा घे, हळद-दूध घे," असं म्हणून मी तिला ढकलत वर नेलं. मला त्या दिवशी काही ऐकायचंच नव्हतं, दुसरं काय!

कॅनॉट प्लेसला झाडांवर दिव्यांच्या माळा होत्या. लाल टोप्या घातलेली माणसं फोटो काढत होती. कुठल्याशा दुकानाबाहेर कापसाचा बर्फ केला होता आणि त्याभोवती पोरं नाचत होती. मी तिथेच एका ओट्यावर सुमित्राला बसवलं, फोन काढला आणि एजंटला सांगून टाकलं, "फ्लॅट पक्का. हां हां, हम दोनो आ रहे हैं." सुमित्रा त्या कापसाच्या बर्फाकडे बघत बसली होती. माझ्याकडे तिने बघितलं नाही. मी फोन ठेवला तेव्हा तिने मास्क वर ओढला आणि म्हणाली, "निघूया? पिंजारी दुकान बंद करेल."

पिंजाऱ्याकडे पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. त्याने प्लास्टिकमध्ये बांधलेली रजई काउंटरवर ठेवली. निळी फुलं, जवळजवळ घातलेले टाके, फुगून टम्म झालेली. मी हात पुढे करून उभी राहिले.

"और दूसरी?"

"दूसरी कौन सी?"

"अरे, डबल दी थी ना सुबह? दो सिंगल बनेंगी!"

"माताजी ने एक ही बोली थी," तो सुमित्राकडे बोट दाखवत म्हणाला. "बोलीं, सारी रुई एक ही में भर दो. जिनके लिए है उन्हें ठंड बहुत लगती है."

मी सुमित्राकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. मी मगांची पिशवी काउंटरवर ठेवली.

"कधी?" मी विचारलं.

"शनिवारी. विनायक न्यायला येतोय. डॉक्टर म्हणाला, अजून एक हिवाळा इथे काढलात तर मी जबाबदार नाही." बोलता बोलता तिला परत खोकला आला. "या रजया अशाच देऊन टाकतात गं लोक, गोळे झालेल्या. तुझी ती पेटी बघितलीये मी. म्हटलं, निदान माझी तरी तू पांघरावीस."

मी भडकले. भर गल्लीत भडकले. "सकाळी सांगायला काय जीभ झडली होती तुझी? पडदे घेऊ दिलेस मला! घुबड हातात घेऊन हसलीस! त्या माणसाला फोन केला मी तुझ्यासमोर!"

"सकाळी सांगितलं असतं तर तू बाजारात आली असतीस का? घरात बसून रडलो असतो दोघी. मला आपला बडा दिन हवा होता, अहिल्ये. अजून एकदा."

चूक तिची नव्हती. तिची छाती भाता झाली होती, ती मी दिवसभर ऐकत होते आणि ऐकत नव्हते. मला ती जायला नको होती, एवढंच खरं. मला एकटीला राहायचं नव्हतं.

"एवढं ओझं तू एकटी कशी नेशील," ती म्हणाली, "मी येते मुनिरक्यापर्यंत." नको म्हटलं, तरी आली. रजई आमच्या दोघींच्या मध्ये ठेवून ऑटोत बसलो. रिंग रोडला लागल्याबरोबर दोन्ही बाजूंनी बोचरं वारं आत घुसायला लागलं आणि तिचा खोकला थांबेना. पिशवीतला फोन वाजत होता. एजंटच असणार. मी उचलला नाही.

मी प्लास्टिक फाडलं.

"अगं, नवी आहे! घाण होईल," ती म्हणाली.

"गप्प बस," मी म्हटलं आणि रजई उघडून दोघींच्या गळ्यापर्यंत ओढली. तिच्या बाजूने घट्ट खोचली. ऑटोवाला आरशात बघून हसला. पुढे सगळीकडे लाल दिवे, गाड्यांच्या रांगा, लोक हॉर्न वाजवून कावलेले, आणि मी मनात म्हणत होते, राहू दे जाम, राहू दे असाच. हळूहळू तिचा खोकला शांत झाला. तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकलं.

सिंगलचीच होती, पण दोघींना पुरली. मुनिरका येईपर्यंत.