भरवशाच्या दोन गाड्या

घरात दोन तज्ज्ञ असले की तिसऱ्याने गप्प बसावं, हे ती लग्नानंतर लवकरच शिकली होती. एक तज्ज्ञ म्हणजे नवरा. विमा कंपनीत कारकून. अपघातांचे कागद आयुष्यभर हाताखालून गेले, म्हणून गाड्यांतलं आपल्याला सगळं कळतं, असा त्याचा समज. दुसरा तिचा धाकटा भाऊ, चष्म्याच्या दुकानाचा मालक. एकदा तीन आठवडे परदेशात राहून आला, तेव्हापासून त्याला इथलं काही दिसेनासंच झालं.

वाद एकच. जुनी गाडी घ्यायची तर देशी की परदेशी?

"देशी गाडीला कुठलाही मेकॅनिक हात लावतो," नवरा म्हणायचा.

"लावावाच लागतो ना भाऊजी, रोज!"

"आणि तुझ्या परदेशीचा पार्ट यायला सहा महिने. तोवर तिचं काय लोणचं घालायचं?"

गाडी हवी होती तिला, हे मात्र दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. मुलांपायी घरी बसलेली ती सोमवारपासून पुन्हा परिचारिका होणार होती. इस्पितळ पार गावाबाहेर, पाळी पहाटेची, आणि तेवढ्या लवकर बस नाही. मुख्य परिचारिकेने बजावलं होतं, "इतक्या वर्षांनी घेतेय तुम्हाला. पहिल्याच दिवशी उशीर झाला, तर दुसऱ्या दिवशी येऊ नका." तरीही ती घरी आली ती गुणगुणतच.

दोघांचं भांडण ऐकून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने मनातल्या मनात टाळी वाजवली आणि एकेकाच्या पसंतीची एक, अशा दोन गाड्या दोन दिवस वापरायला देऊन टाकल्या. अंगणात दोन्ही शेजारीशेजारी लागल्या. सोमवारी पहाटे जी पहिल्या फटक्यात सुरू होईल ती घ्यायची, असं ठरलं. निकाल बघायला भाऊ मुद्दाम मुक्कामाला राहिला.

रविवारी संध्याकाळी नवरा "बाहेरचा नळ गळतोय का बघतो" म्हणून उठला. जन्मात त्याने कुठल्या नळाची विचारपूस केली नव्हती. तो आत आला तसा भाऊ मोकळी हवा खायला गेला. जेवायच्या आधी दोघांनीही साबण मागितला. मग एकमेकांना आग्रह करकरून वाढायला लागले. मिटलं एकदाचं, असं तिला वाटलं.

पहाटे गणवेश घालून, डबा घेऊन ती परदेशी गाडीत बसली. किल्ली फिरवली. हूं नाही की चूं नाही. नवऱ्याचा चेहरा खुलला. ती उतरून देशीत बसली. गाडी नुसती घरघरत राहिली, सुरू काही होईना. आता भाऊ खुलला.

"भरवशाच्या म्हशीला टोणगा!"

"तू बोलूच नकोस! तुझ्या गाडीच्या बॅटरीची तार सैल असणार."

"आणि तुमच्या गाडीत फ्यूज तरी जागेवर आहे का?"

ती खाली उतरली. बॉनेट अजून कुणीच उघडलं नव्हतं. कालचा साबण तिला आठवला, आणि रागाने डोळ्यांत पाणीच आलं.

"फ्यूज दे इकडे."

भावाने पायजम्याच्या खिशातून तो काढून मुकाट्याने तिच्या हातावर ठेवला.

"ताई, तार आवळायला एक मिनिट लागेल, तू परदेशीच घे."

"एक मिनिट कसलं? फ्यूज त्याआधी बसतो! अगं, देशीच ने."

"भाऊजी, पैज लावा!"

पैज ठरेपर्यंत तिने फ्यूज खिशात टाकला, परदेशीचं बॉनेट उघडलं आणि तार हातानेच पिळून घट्ट बसवली. गाडी चालू झाली.

"बघितलंत भाऊजी!" भाऊ नाचायलाच लागला.

तिने आतून दारं लॉक केली आणि गाडी मागे घेतली. "अगं, फ्यूज! मला ऑफिस आहे!" नवरा ओरडत फाटकापर्यंत धावला. तिने काच वर केली.

ती अगदी वेळेवर पोचली. मुख्य परिचारिकेने तिची काळी बोटं पाहिली.

"गाडी बिघडली होती?"

"नाही," साबणाकडे हात नेत ती म्हणाली, "गाड्या दोन्ही चांगल्या आहेत."