संध्याकाळचे हात

पॉलिशवाल्याने गोणीतून मूठभर भुसा काढला आणि भोपळ्या कुत्र्याच्या ओकारीवर टाकला. भुशाने ओल शोषून घेईपर्यंत तो तिथेच उकिडवा बसून राहिला, मग सगळं सुपलीत भरून बाहेर टाकून आला. शेडमध्ये भुशाला तोटा नव्हता, पण अलीकडे त्यातला बराचसा याच कामी येत होता. भोपळ्या ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभा होता. ओकून झालं की तो असाच उभा राहायचा, काहीतरी फोडून ठेवलेल्या पोरासारखा.

पिल्लू असताना त्याला हे नाव पडलं ते त्याच्या पोटामुळे. आता त्याच्या बरगड्या लांबूनही दिसत, आणि रस्त्यात नावाने हाक मारायची पॉलिशवाल्याला लाज वाटे. जंतांचं औषध झालं, खाणं बदललं, अळणी भात झाला, पुन्हा खाणं बदललं. जरा बरं वाटतंय म्हणावं तोच पोट पुन्हा बिघडायचं. खात नव्हता असं नाही, पण खाल्लेलं अंगाला लागत नव्हतं.

आत जाताना त्याने थोरल्या बहिणीच्या खोलीकडे पाहिलं. दार बंद होतं. ताई जेवत असावी.

बायको गेल्यावर ताई त्याच्याकडे राहायला आली आणि इथलीच झाली. ताईसमोर कुणी रिकाम्या तोंडाने बसलेलं तिला बघवायचं नाही, मग ते माणूस असो की कुत्रं. गेल्या आठवड्यात भोपळ्या पुन्हा ओकला, तेव्हा पॉलिशवाल्याने सगळं खापर तिच्यावर फोडलं होतं. तेही जेवताना, लेकीच्या देखत. लपूनछपून त्याला काहीबाही घालतेस, अशाने जीव घेशील त्याचा, असं तो म्हणाला होता. ताईने शपथ घेतली नाही की वाद घातला नाही. हातातला घास तिने ताटात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून ती ताट घेऊन खोलीत जाऊ लागली आणि दार लावून जेवू लागली, म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागाच नको. भोपळ्या दाराबाहेर बसून राही. तीन माणसांच्या घरात एक जण दार लावून जेवतो हे पॉलिशवाल्याला खुपत होतं, पण आपलं काही चुकलं असं त्याला अजून वाटत नव्हतं.

चौथी ठकी. लेकीची लेक, वर्षाची झालेली. लेक दिवसभर एका दुकानात गल्ल्यावर बसायची आणि ठकीला ताई सांभाळायची. सध्या ठकीला दात येत होते. त्यापायी ती किरकिर करायची, जेवण थुंकून द्यायची. सगळ्या खेळण्यांना कंटाळली की तिला आजोबाचं बोट लागायचं. तर्जनीचं पेर हिरड्यांत धरून ती असं चावायची की पॉलिशवाल्याच्या डोळ्यांत पाणी यायचं, आणि ते तो मोठ्या कौतुकाने लोकांना सांगायचा.

दुपारी त्याने भोपळ्याला दवाखान्यात नेलं. मागच्या खेपेला डॉक्टरने बरंच रक्त घेतलं होतं आणि त्यातलं थोडं दुसऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेत पाठवलं होतं. ही डॉक्टर वयाने त्याच्या लेकीएवढी होती. बोलायची कमी, हात मात्र हलका होता. तिने भोपळ्याच्या हिरड्या पाहिल्या, पोट चाचपलं, वजन केलं, आणि आकडा कागदावर लिहून घेतला.

"काका, ह्याच्या रक्तात शिसं सापडलंय," ती म्हणाली. "पोटात कुठून तरी रोज थोडंथोडं जातंय. जुनी बॅटरी, मासे धरायच्या गळाची वजनं, जुना रंग, असं काही आहे का आसपास?"

रंग आहे, पॉलिशवाल्याने सांगितलं. त्याचा धंदाच तो. जुनी दारं, खिडक्या, खुर्च्या आणायच्या, त्यांच्यावर चढलेले रंगाचे थरच्या थर खरवडून काढायचे, घासायचं आणि आतलं लाकूड पॉलिश करून द्यायचं. एक जुनी इमारत पाडली होती, तिथली दारं गेले काही महिने त्याच्याकडे होती. पण भोपळ्या शेडमध्ये पाऊल टाकत नाही, हेही त्याने ठासून सांगितलं. धूळ उडते, त्याच्या नाकात जाईल, म्हणून आपणच त्याला तशी शिस्त लावली आहे. तो ओट्यावर थांबतो, काम संपेपर्यंत.

"आणि काम संपल्यावर?" डॉक्टरने विचारलं.

भोपळ्याला टेबलावर उभं राहायची भीती वाटायची, आणि भीती वाटली की तो धन्याचा हात शोधायचा. आताही त्याने मान वाकडी करून हात शोधला आणि चाटायला लागला. आधी तळवा, मग बोटांच्या बेचक्या, मग एकेक नख, अगदी मन लावून.

डॉक्टर बघत राहिली. पॉलिशवाल्यानेही पाहिलं. नखांच्या कडेला रंगाच्या धुळीची पांढरट रेघ होती, ती वर्षानुवर्षांची. संध्याकाळी शेडला कुलूप लावलं की तो स्पिरिटच्या फडक्याने हात वरवर पुसायचा आणि ओट्यावर बसायचा. भोपळ्या धावत यायचा. दोन्ही हात चाटून लख्ख होईपर्यंत तो उठू द्यायचा नाही. ताई हसायची, तुझा साबण वाचतो म्हणायची. दिवसभरातली तीच एक वेळ पॉलिशवाल्याला आपली वाटायची. अलीकडे तर, कुत्रं खंगत चाललंय म्हणून, तो मुद्दाम जास्त वेळ बसायचा.

त्याने हात मागे घेतला. भोपळ्याने मान लांब करून तो पुन्हा गाठायचा प्रयत्न केला.

औषध आहे, डॉक्टर म्हणाली. दवाखान्यात काही दिवस यावं लागेल, पण वेळेत कळलंय. मूळ बंद झालं की अंग धरेल. काम झाल्यावर कपडे बाहेरच बदलायचे, हात नखांसकट साबणाने घासायचे, धूळ घरात जाऊ द्यायची नाही. पॉलिशवाला मान हलवत होता. भोपळ्या वाचणार हे त्याला ऐकू आलं होतं, आणि त्याच वेळी दाराआड जेवणारी ताईही डोळ्यांसमोर आली होती. आज घरी गेल्यावर तिच्याशी काय बोलायचं याची तो मनात जुळवाजुळव करत होता.

डॉक्टर बेसिनकडे वळली. हात धुता धुता, पाठमोरीच तिने विचारलं, "घरात लहान मूल कुणी आहे का?"

"नात आहे," तो म्हणाला, आणि त्याचं बोट आपसूक मुठीत गेलं.

डॉक्टरने नळ बंद केला. वय विचारलं. मग सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं की घाबरायचं नाही, पण तिचंही रक्त तपासून घ्या, उद्याच. तिच्या डॉक्टरांना हे सगळं सांगा, काही लपवू नका. किरकिर दातांमुळेच असते ना, एवढंच पॉलिशवाल्याला विचारायचं होतं. ते त्याच्याने विचारवलं नाही.

घरी येताना साखळी त्याने मनगटाला गुंडाळली होती आणि दोन्ही हात अंगापासून लांब धरले होते. रस्त्यातल्या ओळखीच्यांना वाटलं असेल, आज हातावरचं पॉलिश ओलंच दिसतंय.

फाटकाचा आवाज ऐकून ताई ठकीला कडेवर घेऊन ओट्यावर आली. ठकीने आजोबाला पाहिलं आणि तोंड उघडून, दोन्ही हात पसरून त्याच्याकडे झेप घेतली. पॉलिशवाला दोन पावलं मागे सरकला. खाली भोपळ्या उड्या मारून त्याची बोटं गाठू पाहत होता. त्याने साखळी सोडून दिली आणि हात डोक्याच्या वर धरले, पकडल्या गेलेल्या चोरासारखे.

ठकीने भोकाड पसरलं. ताईचा चेहरा उतरला. डॉक्टरने काय सांगितलं असेल याचा तिने तिच्या परीने अंदाज बांधला होता.

"मी नाही रे काही दिलं त्याला," ती हळू आवाजात म्हणाली.

"माहितीये, ताई. मी दिलं."

मग त्याने सगळं सांगितलं. हात तसेच वर होते. ठकीचं बोट चावणं आलं तिथे तो अडला, पण ताईला तोवर कळलं होतं. तिने ठकीला छातीशी घट्ट धरलं आणि त्याच्याकडे एकदाच असं पाहिलं की त्याने मान खाली घातली. त्या दिवशीच्या जेवणाबद्दल तो माफी मागणार होता, घरी येताना त्याने शब्दही जुळवले होते. ते आता फार लहान वाटले.

ताई आत गेली. ठकीला आपल्या खोलीत ठेवून तिने दाराला बाहेरून कडी घातली आणि भोपळ्याला खांबाला बांधलं. येताना कपड्यांचा साबण आणि भांडी घासायचा ब्रश घेऊन आली. अंगणातला नळ सोडून म्हणाली, "इकडे कर हात."

लहानपणी शाळेतून आल्यावर ती त्याचे हात असेच धुवायची. तेव्हा तो ओरडायचा. आता ब्रशच्या काड्या नखांत घुसत होत्या आणि तो हात पुढे करून उभा होता. साबणाचा फेस राखाडी होऊन मोरीत जात होता. आत ठकी दारावर चापट्या मारत होती.

"तिच्या आईला काय सांगू?" त्याने विचारलं.

"जे मला सांगितलंस तेच." ताईने दुसरा हात ओढून घेतला. "मी असेन शेजारी."

फाटकाची कडी वाजली. लेक नेहमीप्रमाणे आत शिरताच ठकीला हाका मारत होती. पॉलिशवाल्याने मागे वळून पाहिलं नाही. ताईने ब्रश खाली ठेवला होता तरी त्याने हात पाण्याखालून काढले नाहीत.