दोन बोटं माया

आत्याला सगळी इमारत शिंपीण म्हणायची, आणि ती शिंपीण नव्हती. म्हणजे आता होती. चाळीस वर्षं मशीन चालवल्यावर कुणीही होईल. पण इथं आली तेव्हा तिला धड बटण लावता येत नव्हतं. साबणाच्या कारखान्यात वड्या कापायची ती. तिसऱ्या मजल्यावरची ही खोली तिला मिळाली आणि दुसऱ्याच दिवशी दारात एक बाई उभी, हातात उसवलेला कोट.

"शिंपीणबाई, परवापर्यंत होईल ना?"

आत्यानं सांगायला तोंड उघडलं होतं की बाई, तुमची शिंपीण गेली, मी दुसरी. पण त्या बाईनं तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. खोली शिंपिणीची, मशीन खिडकीपाशी, तेव्हा आत बसलेली ती शिंपीण, संपलं. त्या समितीच्या दिवसांत गेलेल्या माणसाबद्दल विचारायचं नाही हे लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं, की माणूस गेलंच नाही असं धरून चालणं सगळ्यांना सोपं जायचं. आत्यानं कोट घेतला. तीनदा शिवला, तीनदा उसवला. चौथ्या वेळी मान वर केली तर मशीनच्या पलीकडे ती बसलेली. पहिली शिंपीण. खिडकीकडे पाठ, ओठांत टाचण्या धरलेल्या.

टाचण्या तोंडात असल्या की शिंपीण बोलत नाही, नुसती मान हलवते. तिनं आत्याच्या टाक्याकडे बघितलं आणि मान हलवली. असं नाही.

आत्या नाकावर माशी बसू न देणारी. म्हणाली, "एवढं कळतं तर तूच शिव ना!"

ती जागची हलली नाही. आत्यानं टाका उसवला.

तेव्हापासून रोज दुपारी दोन ते चार हे असंच. आत्या शिवायची, ती बघायची. चुकलं की मान हलायची. आत्या तोंडाला येईल ते बोलायची आणि निमूट उसवायची. अशानं हात बसला, नाव झालं. पुढे सून आली, तिला वाटायचं सासू मशीनशी भांडते.

"किती बोलता हो आई त्या मशीनला. बिचारं लोखंड ते."

"लोखंडाला लागत नाही म्हणून त्याला बोलते. तुला बोलले तर माहेरी पत्रं जातील."

आता समितीचं राज्य कसं होतं ते थोडं सांगायलाच हवं, कारण हल्लीच्या पोरांना ते कुणीतरी रचून सांगितल्यासारखं वाटतं. समिती म्हणायची, एका माणसाला लागतं किती? तेवढं त्याचं. त्याच्या वरचं ते जास्तीचं, आणि जास्तीचं म्हणजे दुसऱ्याच्या अंगावरून ओढून घेतलेलं. यात ऐकायला वाईट काय आहे? आत्या तेव्हा तळघरात राहायची. भिंतीतून पाणी झिरपायचं, नवरा त्याच ओलीनं गेला, आणि तान्हा मुलगा खोकून खोकून निळा पडायचा. तिला ते शब्द औषधासारखे लागले. आजही कुणी समितीला नावं ठेवली की आत्या म्हणते, "तू राहिलायस का तळघरात? मग गप बस."

पण 'जास्ती' हा शब्द घरात शिरला की पाय पसरतो. आधी मोठ्यांचे दिवाणखाने जास्तीचे झाले. ठीक. मग पडदे झाले. मग चमचे; शेजारीण चहाला आली की नजर चमच्यांवर. मग पाळी आली कपड्यांतल्या मायेची.

माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं कापड. अंग भरलं, पोर वाढलं, तर शिवण उसवून कपडा सैल करता यावा म्हणून. पहिली शिंपीण प्रत्येक कपड्यात दोन बोटं माया सोडायची. समितीतल्या कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, की अख्ख्या शहराच्या शिवणींत ही दोन-दोन बोटं नुसती लपून बसलीत, कुणाच्या अंगाला नाहीत. हुकूम निघाला. माया सोडायची नाही. वर्षभरात सगळं शहर अंगाबरोबर शिवलेले कपडे घालून फिरायला लागलं. माणसं खाली पडलेली वस्तू उचलायच्या आधी इकडेतिकडे बघायची, वाकलं की पाठीवर टर्रकन आवाज व्हायचा.

पहिल्या शिंपिणीनं हुकूम ऐकला आणि माया सोडतच राहिली. अंग काय हुकमानं वाढायचं थांबतं, म्हणाली.

मग एका सकाळी कापडाच्या रांगेत कुणीतरी एक वाक्य बोललं. तिसऱ्या दिवशी चार माणसं जिना चढून गेली. पलंगाखालून गाठोडं निघालं, अकरा किलो चिंध्या. कुणाच्या उरलेल्या बाह्या, कुणाच्या कॉलरी. त्यातून ती पोरांच्या टोप्या शिवायची. यादीत लिहिलं गेलं: साठवलेलं कापड. शिंपीण त्यांच्याबरोबर जिना उतरली ती परत चढली नाही. तिची नऊ वर्षांची मुलगी परगावी मावशीकडे होती, तिला तिकडेच ठेवून घेतलं. चौथ्या दिवशी खोली आत्याला मिळाली. हुकमावर लिहिलं होतं, 'जागरूक कामगार भगिनीस'.

रांगेतलं वाक्य आत्याचं होतं. हे आता जगात दोघींनाच आठवत होतं, आणि त्यातल्या एकीच्या तोंडात टाचण्या.

समिती गेली. भिंतीवरच्या तसबिरी उतरल्या, दुसऱ्या लागल्या, खिळे तेच. नवे लोक म्हणाले, ज्याचं होतं ते त्याला परत. यातही ऐकायला वाईट काय आहे? पण हा शब्दही पाय पसरायला लागला. शाळेची इमारत कुणाच्या तरी पणजोबांची निघाली, दवाखाना कुणाच्या चुलत्याचा. काल घरात राहणारा आज घुसखोर ठरला. इमारतीतले लोक जिन्यावर पावलं वाजली की जेवता जेवता थांबायचे.

आत्याच्या जिन्यावर पावलं वाजली ती दुपारी तीनला. दारात बाई उभी. केस पिकायला आलेले, मान लांब, जराशी डावीकडे कललेली. आत्यानं चटकन मशीनकडे बघितलं, कारण तीच मान तिथंही बसलेली होती. पहिल्या शिंपिणीनं मुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती आत्याकडे बघत होती.

"बाई, त्रास देते," मुलगी म्हणाली. "माझी आई इथं राहायची. शिवण करायची."

सून दारात अडसरासारखी आडवी झाली. "इथं आम्ही राहतो."

"माहीत आहे हो. पण आईचा एकही कागद नाही राहिला, समितीनं जाळले. ती इथं राहत होती असं एकानं कुणी सांगितलं तरी कचेरीला चालतं. परवा बोलावलंय. तुम्हालाही नोटीस येईल." मग आत्याला म्हणाली, "तुम्ही जुन्या दिसता. तुम्हाला आठवते का ती?"

आत्याचा डोळा शिवणीवर. "मशीनच्या आवाजात मला नीट ऐकू येत नाही," ती म्हणाली. मशीन तेव्हा बंद होतं.

मुलगी गेल्यावर सुनेनं दार लावलं, आणि नेहमी टोले झेलणारी ती पोर सासूसमोर सरळ उभी राहिली. "आई, एक सांगते. त्या कचेरीत तुम्ही तोंड उघडायचं नाही. खोली गेली तर मुलीला घेऊन मी कुठं जाऊ? नवी घरं मिळत नाहीत. तळघरंच तेवढी रिकामी आहेत."

"मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही. पाया पडते."

आत्यानं खिडकीकडे बघितलं. खिडकीतल्या बाकावर नात पालथी पडून चित्रं काढत होती, उन्हात, आणि अजिबात खोकत नव्हती.

कचेरी म्हणजे समितीचीच जुनी जागा. नवा कारकून पोरसवदा, शर्टाला इस्त्री, बोलायला गोड. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला आत्या आणि सून. दार उघडं, कारण बाहेरच्या बोळात रांग लागली होती आणि आपला नंबर आला हे रांगेला आतून ऐकू यायला हवं. साक्षीला तळमजल्यावरचा कुलूपवाला आणला होता, इमारतीतला सगळ्यात जुना माणूस, कानानं अधू.

"तिसऱ्या मजल्यावर शिंपीण कोण राहायची, काका?" कारकुनानं ओरडून विचारलं.

"राहायची काय, राहते! ही काय समोर बसलीय. पंचेचाळीस वर्षं बघतोय. माझ्या लग्नातला कोट हिनंच शिवला. अजून अंगात बसतो."

"तिच्याआधी दुसरी होती!" मुलगी ओरडली. "माझी आई!"

"दुसरी शिंपीण?" म्हातारा हसला. "अगं बाई, तेव्हा एका माणसाला दुसरा सदरा मिळत नव्हता, इमारतीला दुसरी शिंपीण कोण देणार?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या डोक्यात कधीच दोघींची एक झाली होती. सुनेनं हळूच श्वास सोडला.

कारकुनानं मान हलवली. "बाई, वाईट वाटतं, पण कागद नाही, साक्ष नाही. मला लिहावं लागेल की सदर खोलीत अशी व्यक्ती राहत नव्हती." आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.

मुलगी रडली नाही, भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, "राहतच नव्हती?"

आत्याला वाटलं, बस, एवढी एक ओळ. मग खोली आपली, दुपार आपली. घरी गेल्यावर मशीनच्या पलीकडे कुणी नसेल, कारण अशी व्यक्ती राहतच नव्हती. चाळीस वर्षं हेच तर मागत होती ती. आणि आता ते मिळतंय म्हटल्यावर तिनं त्याच्या कागदावर हात ठेवला.

"थांब रे," ती म्हणाली. "राहत होती."

"आई!" सुनेनं तिचं मनगट धरलं.

"सोड. या कुलूपवाल्याचा कोट तिनं शिवला. मी तेव्हा साबण कापत होते. मला तर सुईत दोरा ओवता येत नव्हता."

कारकुनाच्या चेहऱ्यावर उजेड पडला. गोड पोरगा, त्याला खरंच बरं वाटलं. "अहो, मग झालंच की! त्या गेल्या कशा?"

"नेली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"माझ्या."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "आजी, या अर्जात तसं काही विचारलेलं नाही."

"मी विचारते," मुलगी म्हणाली.

तेव्हा आत्यानं ते वाक्य पहिल्यांदा परत उच्चारलं, टेबलाकडे बघत, पुटपुटल्यासारखं. कापडाची रांग होती. बायका शिंपिणीचं कौतुक करत होत्या, हुकूम मोडून माया सोडते म्हणून. आणि आत्या म्हणाली होती, आपल्यावर तिची दोनच बोटं माया गं, खरी माया तर तिच्या पलंगाखाली आहे.

कारकून हसू दाबत म्हणाला, "अहो, ही तर गंमत झाली! शिवणीतली माया, चिंध्यांचं गाठोडं. समितीला वाटलं धनदौलत. मी 'गैरसमजातून' असं लिहितो. तुमच्याकडे दोष येत नाही."

कसं दार उघडून दिलं बघा पोरानं. याच दारानं आत्या चाळीस वर्षं रोज बाहेर पडायची: मी थट्टा केली, त्यांनी वेडावाकडा अर्थ लावला. सून डोळ्यांनी विनवत होती.

"समितीचा माणूस माझ्या मागे तिसरा उभा होता," आत्या म्हणाली. "मला दिसला होता. शेजारणीलाच सांगायचं असतं तर हळू बोलले असते."

कुलूपवाला कानामागे हात धरून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता.

"आधल्या आठवड्यात मी तिच्याकडे माप द्यायला गेले होते. पोर कडेवर. ती म्हणाली, निजव त्याला माझ्या पलंगावर. निजवताना खालचं गाठोडं दिसलं. खिडकीतून ऊन येत होतं. तासभर झोपला तो. जन्मल्यापासून पहिल्यांदा न खोकता झोपला." आत्यानं खांद्यावरून उगाच हात फिरवला. "नेलेल्या लोकांच्या खोल्या कुणाला मिळतात, ते सगळ्यांनाच ठाऊक होतं."

सुनेनं तिचं मनगट सोडलं. उठली, आणि कुणाकडे न बघता निघून गेली. बोळातून तिच्या चपलांचा आवाज लांबपर्यंत ऐकू आला.

"किती मोठ्यानं?" मुलीनं विचारलं.

"काय?"

"हळू बोलला नाहीत म्हणालात. मग किती मोठ्यानं? तसंच म्हणून दाखवा."

"बाई, कशाला आता..." कारकून म्हणाला.

"म्हणू दे मला," आत्या म्हणाली. टेबलाला धरून उभी राहिली. तिचा आवाज म्हातारा झाला होता, पण धार जागच्या जागी होती; जिन्याखालच्या पोरांना ती अजून वरूनच गप्प करायची. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाली, "आपल्यावर तिची दोनच बोटं माया गं! खरी माया तर तिच्या पलंगाखाली आहे!"

बाहेर रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी दोघंतिघं. कुणी म्हणालं, "म्हातारी फाटक्या तोंडाची दिसतेय," आणि हसू बोळभर पसरत गेलं.

मुलगी ते संपेपर्यंत ऐकत राहिली.

"तेव्हाही हसले होते?"

"सगळे," आत्या म्हणाली. "तो एक सोडून."

मुलगी उठली आणि बोळाकडचं दार लावून आली. मग कारकुनाच्या समोर बसली, कागद त्याच्याकडे सरकवला.

"लिहा," ती म्हणाली. "हसले तेही लिहा."