आईनं आधीच आणलेला पंप

माझी मुलगी दूध ओढताना दमायची. महिनाभर आधी जन्मलेली ती. चार घोट घेतले की छातीला गाल टेकून झोपून जायची. आरोग्य केंद्रातली नर्स म्हणाली होती, "दूध निघालंच नाही तर आटेल. काढून चमच्यानं पाजा. नाहीतर मग पावडरचं सुरू करावं लागेल."

दूध काढायचा हातपंप घरात होता. मला सहावा महिना असताना आईनं तो बिश्केकच्या बाजारातून आणला होता. मूल जन्मायच्या आधी त्याच्यासाठी टोपडंसुद्धा आणायचं नसतं, हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही? आईलाही होतं. आपल्याला थांबता येणार नाही, एवढं मात्र फक्त तिलाच ठाऊक होतं. मार्चमधल्या नवरोजच्या सणाआधी ती गेली.

खोक्याच्या दोरीची गाठ तिनं मारलेली होती. ती माझ्याच्यानं सुटत नव्हती. जूनमध्ये आम्ही घोड्यांबरोबर सुसामिरच्या कुरणावर आलो, तेव्हा खोका तसाच बांधलेला माझ्याबरोबर आला.

"नको गं ते," सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही सगळे एने म्हणतो. "आधी आणलेली वस्तू लाभत नाही. तुझ्या आईला एवढी कसली घाई होती?"

मी खोका मांडीवर ओढून घेतला. माझी मोठी नणंद, उल्कान एजे, म्हणजे उल्कानताई, गप्प राहणाऱ्यातली नाही.

"घाई होती म्हणून आला तरी! तुझ्यावर सोपवलं असतं तर झालंच. माझ्या लग्नात द्यायचा चहाचा समोवार तू अजून शोधतेयस."

एनेनं बाळाचं मनगट दोन बोटांत धरलं. बोटं जवळजवळ जुळली.

"सोड ती गाठ," त्या म्हणाल्या. "पण पोरीची नजर त्यावर पडायला नको. मी घेऊन जाते हिला बाहेर."

गाठ मी नखांनी सोडवली. एजेनं पंपाचे भाग उकळून दिले आणि चरवी घेऊन घोडीचं दूध काढायला गेली. लोकरीच्या नमद्याच्या तंबूत मी एकटीच दांडा दाबत बसले. पंपाच्या बाटलीच्या तळाशी एक थेंब आला. नंतर तोही नाही.

"आलं का?" बाहेरून एजे.

"नाही."

"अगं, पिळतेयस की नमाज पढतेयस?"

मी रडायच्या बेतात होते. तेवढ्यात बाहेर एजेचा आवाज चढला.

"एने! पिल्लू कुठंय?"

"हे काय, तुझ्यासमोर! आत्ताच घोडीला लुचवून बाजूला ओढलंस ना!"

"हे नाही गं बाई! तुझ्या कडेवरचं!"

शिंगरू जवळ असल्याशिवाय घोडी पान्हा सोडत नाही, हे आम्हां तिघींनाही लहानपणापासून ठाऊक. तरी तिघींनी मिळून माझ्या पिल्लाला बाहेर धाडलं होतं.

"माझ्या सुनेला घोडी म्हणतेस?" एने गरजल्या.

"चांगल्या जातीची म्हणतेय!"

मी इतकी हसले की पंप हातातून सुटला. एने धावतच आत आल्या, नजरबिजर विसरून. त्यांनी बाळाला माझ्या उजव्या बाजूला लावलं, मी डाव्या बाजूला पंप धरला. पोरीनं तोंडात घेतलं, दोनदा ओढलं, आणि छातीत कळ उठून दोन्हीकडे एकदम पान्हा फुटला. बाटलीत धार वाजायला लागली. पंप जरा सरकला तर एनेचं मखमली जाकीट भिजलं.

"बाटली धर, बाटली! उल्कान, काय दात काढतेस, ये इकडे!"

चार घोटांनंतर मुलगी नेहमीप्रमाणे झोपली. पण आता बाटली अर्धी भरली होती. एनेनं तिचा तळवा चोळून तिला जागं केलं आणि चमचा ओठांना लावला.

"घे गं राणी. तुझ्या त्या आजीनं पाठवलंय."

मी खाली पाहत बाटली दोन्ही हातांनी धरून राहिले.

पोरीनं गिळलं. पुन्हा गिळलं. पुढचा चमचा भरायला एनेला उशीर झाला, तशी तिनं मूठ आवळून भोकाड पसरलं. एवढा मोठा आवाज तिनं अजून कधीच काढला नव्हता. बाहेरची घोडी फुरफुरली. एनेचा चमचा हवेतच राहिला. तिला गप्प करायचं सोडून आम्ही तिघी ऐकत बसलो.