अंधार परत द्या

"मागे घ्या," दिग्दर्शकाने पुन्हा सांगितले आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. "भुताच्या पायात स्लिपर दिसतेय."

"निळी आहे, सर," प्रिंट दुरुस्त करणारी बाई अभिमानाने म्हणाली. "सगळी धूळ काढली. आता पट्टासुद्धा दिसतो."

"दिसू नये म्हणून तर जीव काढला होता आम्ही!"

तरुणपणी चार मित्र हाताशी धरून, राहत्या घराच्या माळ्यावरच त्याने हा भयपट काढला होता. दिवा एकच, तोही उसना. त्यामुळे अंधार भरपूर. त्या अंधाराला लोक घाबरले, एवढीच त्याची आयुष्यभराची पुण्याई. आता एक कंपनी संग्राहकांसाठी त्याची डिस्क काढत होती. जाड पेटी, आत पोस्टर, पुस्तिका. आणि लख्ख उजेडात गाऊन घालून हिंडणारी, भूत झालेली त्याची मेव्हणी.

"लोक हसतील हो."

"पण सर, पेटीवर छापून झालंय. 'पूर्वी कधीच न दिसलेले तपशील'."

"मग स्लिपरचं मापही छापा. कशाला कमी पडू द्यायचं?"

सकाळपासून तो एकेका दृश्यात अंधार परत ओतून घेत होता. बाई बटण फिरवत होती ती स्वतःच घासलेल्या भांड्यांना काजळी फासावी अशा चेहऱ्याने.

शेवटचे दृश्य आले. भुतामागचे दार आपोआप मिटते, ते. दोरी ओढणारा मित्र त्या दिवशी आलाच नव्हता, तरी दार नेमक्या क्षणी मिटले. सगळ्यांनी वाऱ्याचे आभार मानले होते.

आता उजळलेल्या पडद्यावर दाराआडच्या कोपऱ्यात बनियनवर एक माणूस उकिडवा बसलेला दिसत होता. श्वास रोखून, दोरी हळूहळू ओढत.

"हे कुठलं भूत?" बाईने विचारले.

"वडील."

तिने चित्र तिथेच थांबवले.

"असले थेर माझ्या घरात नकोत, म्हणून शूटिंगभर बोलत नव्हते माझ्याशी. जाईपर्यंत सिनेमा बघितला नाही."

बाईने बटणावरचा हात काढला. "एवढं एक राहू दे ना, सर."

त्याने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा चढवला.

"नको. त्यांना दिसायचं नव्हतं. करा अंधार."

तिने बटण फिरवले.

"हळू," तो म्हणाला आणि नाक पडद्याच्या काचेला टेकेपर्यंत पुढे वाकला. "हळू करा की."