परवा दोन असतात

तीन तिगाडा, काम बिगाडा असं म्हणतात. म्हणणारे अडाणी असावेत, कारण थोरलीच्या ऑफिसात सगळेच शिकलेले होते आणि 'व्हर्जन तीन' एवढे दोन शब्द ऐकले की त्यांच्या तोंडावर तेज चढत असे.

थोरली म्हणजे घरातली थोरली. धाकटी लग्न करून दूर गेली, आई त्याआधीच गेली, आणि घरात उरले ती आणि बाबा. एकदा बाबांनी ऑफिसच्या फोनवर "आमची थोरली आहे का?" असं विचारलं, तेव्हापासून ऑफिसातही तिचं तेच नाव पडलं. ती त्या दिवशी घरी येऊन बाबांवर चिडली. त्यानंतर बाबांनी तिला ऑफिसात कधी फोन केला नाही. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे ती महागात पडली.

ऑफिसात डायलिसिस सेंटरांसाठी एक प्रोग्रॅम तयार होत असे. कुणाचा नंबर कधी, कुठल्या मशीनवर, हे तो ठरवायचा आणि सेंटरमधल्या स्क्रीनवर दाखवायचा. रोग्याच्या नावापुढे 'आज' किंवा 'उद्या' असं साधं लिहिलेलं असे. कुणाचा नंबर चुकला असेल तर 'काल'. तारखा वाचताना म्हाताऱ्यांचा गोंधळ होतो, शब्द सगळ्यांना कळतात, अशी त्यामागची कल्पना. चुकलेल्यांची नावं लाल रंगात दाखवायची सूचना थोरलीने दोनदा केली होती. ती साहेबांनी दोनदा पुढच्या वर्षावर ढकलली.

बाबांची किडनी थकल्यावर थोरलीने त्यांना याच प्रोग्रॅमवर चालणाऱ्या सेंटरमध्ये घातलं. सोमवारी आणि शुक्रवारी चार-चार तास. नंबर चुकला तर अंगात पाणी साचतं, पायांवर सूज येते, दम लागतो; आणि फार दिवस चुकला तर पुढचं डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिने ऐकलं होतं आणि दोघांनी घरात पुन्हा कधी काढलं नव्हतं. बाबा छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापलेल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. ते आपल्या नंबरांच्या तारखा एका वहीत लिहून ठेवायचे. थोरलीला त्या वहीचा राग यायचा. स्क्रीन चुकत नाही, माणसं चुकतात, असं तिने त्यांना ठणकावून सांगितलं आणि वही कपाटात ठेवून दिली.

आता तारखेचं शब्दांत रूपांतर करण्याचं काम थोरलीच्या ऑफिसने स्वतः केलेलं नव्हतं. एवढे कष्ट कोण घेतो? कुठल्याशा देशातल्या कुणीतरी लिहून फुकट वाटलेली एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचं गाठोडं, आणून बसवली होती. जगातले सगळे प्रोग्रॅम असेच दुसऱ्याच्या खांद्यावर बसलेले असतात आणि खालचा हलेपर्यंत वरच्याला आपण उंच आहोत असंच वाटत असतं. तर खालच्याने जाहीर केलं की दोन नंबरचं व्हर्जन आता आम्ही सांभाळणार नाही, सगळ्यांनी तिनावर या.

साहेबांनी मीटिंग घेतली. साहेबांनी शेवटचा कोड लिहिला त्याला आता बारा वर्षं झाली होती, त्यामुळे त्यांना सगळंच सोपं वाटे. दोनाचे तीन करायचे, म्हणाले, आकडाच तर बदलायचा. दोनाचे चार केले की संसार मागे लागतो एवढं लोकांना ठाऊक असतं. दोनाचे तीन केले की काय मागे लागतं, ते थोरलीला त्याच दुपारी कळलं. तिने आकडा बदलला आणि तीनशे सतरा चुका समोर आल्या.

व्हर्जन तीनवाल्यांनी सगळ्या गोष्टींची नावं बदलली होती. जे पूर्वी पुढून द्यायचं ते आता मागून द्यायचं होतं. महिने पूर्वी शून्यापासून मोजायचे, आता एकापासून. कारण विचाराल तर त्यांच्या माहितीपत्रकात एका ओळीत लिहिलं होतं, आता अधिक सुसंगत वाटतं. ही सुसंगती निस्तरण्यात थोरलीचे तीन आठवडे गेले. साहेब रोज काचेच्या दारातून डोकं आत घालून विचारायचे, झालं का आकड्याचं? आणि डायलिसिसच्या दिवशी सकाळी बूट घालताना बाबा विचारायचे, आज येतेस का गं बरोबर? मशीनवर चार तास एकटं पडून कंटाळा येतो. थोरली म्हणायची, आज नाही बाबा, परवा येते. परवा त्यांचा वार नसे आणि वाराच्या दिवशी तिला वेळ नसे. मग ती पुन्हा म्हणायची, परवा.

तिसऱ्या आठवड्यात ती मूळपुरुषाच्या फाइलीपाशी आली. मूळपुरुष म्हणजे हा प्रोग्रॅम ज्याने पहिल्यांदा लिहिला तो. तो कधीच नोकरी सोडून गेला होता आणि मागे चारशे ओळींची एक शब्दांची यादी ठेवून गेला होता. त्यात सगळ्यात वर लिहिलं होतं, 'परवा दोन असतात. हात लावू नये.'

थोरलीने ते वाचलं आणि तिला हसू आलं. खाली खरंच दोन ओळी होत्या. एकीत 'परवा होतं', दुसरीत 'परवा आहे'. 'काल'ला शेपूट नाही, 'उद्या'ला नाही, मग परव्याचेच लाड का? गबाळा कारभार, दुसरं काय. आणि व्हर्जन तीनचं माहितीपत्रक तर हात जोडून सांगत होतं की आता स्वतःच्या याद्या ठेवू नका, सगळ्या भाषांचे शब्द आमच्याकडे आहेत. मराठीचेही होते. कुण्या भल्या माणसाने फावल्या वेळात भरून दिले होते. दोन दिवसांपूर्वी म्हणजे परवा. दोन दिवसांनंतर म्हणजे परवा. कुठल्याही शब्दकोशात काढून बघा, एका अक्षराची चूक नाही.

तिने चारशे ओळी एका झटक्यात पुसल्या. कोड लिहिण्यापेक्षा पुसण्यात जास्त सुख असतं, हे या धंद्यातल्या माणसालाच कळेल. मग काम हिरवळीकडे गेलं. हिरवळ म्हणजे तपासणी करणारी बाई. तिच्या पडद्यावर सगळ्या खुणा हिरव्या झाल्या की तिचं जगाशी भांडण संपत असे. व्हर्जन तीनने 'परवा' म्हणायला हवं होतं, ते 'परवा' म्हणालं. हिरवं. पुन्हा 'परवा' म्हणायला हवं होतं, पुन्हा म्हणालं. तेही हिरवं.

मंगळवारी नवं व्हर्जन सगळ्या सेंटरांत पोहोचलं. बुधवारी ऑफिसात केक आला. त्यावर क्रीमने भला मोठा तीनचा आकडा काढला होता. तो साहेबांनी कापला, कारण मेहनत साहेबांचीच होती. थोरलीला आकड्याचं खालचं टोक मिळालं.

इकडे बाबांचं असं झालं होतं की सोमवारी सेंटरचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद पडलं. सकाळच्या सगळ्यांना परत पाठवलं आणि सांगितलं, एक-दोन दिवसांत या, नाव स्क्रीनवर राहील, ज्याचं राहिलंय त्याला आधी घेऊ. बाबांनी संध्याकाळी ते थोरलीला सांगितलं. ती लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाली, मग स्क्रीनवर येईल ना, काळजी कसली. मंगळवारी बाबा गेले तर सेंटरमध्ये उभं राहायला जागा नव्हती, तसेच परत आले. बुधवारी बाबा पुन्हा बस पकडून गेले. नर्स नवी होती, सोमवारी ती सुट्टीवर होती. तिने स्क्रीन पाहिली. बाबांच्या नावापुढे लिहिलं होतं, परवा.

संध्याकाळी सहाला थोरली घरी आली तेव्हा बाबा खुर्चीत बसले होते आणि पाय समोरच्या स्टुलावर होते. मोज्यांच्या रबराचे वळ सुजेत रुतले होते. घरात दोघांत फॅन एकच आणि तो त्यांनी अगदी तोंडाजवळ ओढून घेतला होता. डायलिसिस झालं का, असं तिने विचारलं. बाबांनी दम घेऊन सगळं सांगितलं. नर्स म्हणाली, काका, तुमचं परवा आहे, शुक्रवारी या. बाबा म्हणाले, परवा होतं, ते झालं नाही म्हणून तर आलोय. ती म्हणाली, परवा म्हणजे परवाच ना काका, आणि शुक्रवार तुमचाच वार आहे. ते खरंच होतं. थोरलीला ऑफिसात फोन करायचा नाही, म्हणून बाबा तसेच बस पकडून घरी आले.

"वही दाखवली असती," बाबा म्हणाले, "पण वही कपाटात."

मग त्यांनी खिशातून सेंटरची छापील चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. चाळीस वर्षांची सवय. 'डायलिसिस: परवा' यातल्या 'परवा'भोवती त्यांनी तांबड्या पेन्सिलीने गोल केला होता आणि समासात, छापखान्यात लेखकाला विचारायचा प्रश्न लिहीत त्याच वळणाने, एकच शब्द लिहिला होता. 'कोणता?'

थोरली चिठ्ठी हातात धरून उभी राहिली. शेवटचं डायलिसिस झालं तो शुक्रवार, मग शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, असे तिने बोटांवर मोजले. येत्या शुक्रवारपर्यंत आठवडा झाला असता. दोन ओळी. दोन शेपटं. मूळपुरुषाने हात लावू नये असं स्पष्ट मराठीत लिहिलं होतं, आणि ती हसली होती.

तिने सेंटरला फोन लावला आणि आवाज चढू न देता सांगितलं की तुमच्या स्क्रीनवर जिथे जिथे परवा आहे तिथे तिथे रजिस्टर काढून वार बघा, चूक आमची आहे. सोमवारची आणखी एक आजी तशीच परत गेली होती. तिलाही फोन करून बोलावलं. सातच्या आत टॅक्सीने थोरली बाबांना घेऊन सेंटरमध्ये पोहोचली. तीच नर्स दारात होती. स्क्रीनवर होतं तेच मी सांगितलं हो, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. तिला काय बोलणार? स्क्रीन चुकत नाही, ही थोरलीचीच शिकवण होती.

मशीन सुरू झालं. बाबांच्या हातातून नळीत रक्त जाताना थोरलीने पहिल्यांदाच पाहिलं. शेजारच्या स्टुलावर बसून तिने लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पुसलेल्या चारशे ओळी परत आणल्या, वरच्या ताकिदीसकट. साहेबांना कळवलं. साहेबांचं उत्तर लगेच आलं. आकडा तीनच राहतोय ना, मग हरकत नाही. आणि नोंदीत 'किरकोळ' असं लिही. तिने 'किरकोळ' लिहिलं नाही. त्या रकान्यात तिने बाबांचं वय लिहिलं, आजींचं वय लिहिलं, आणि दोघांचे किती दिवस गेले ते लिहिलं.

तासाभराने बाबांचा श्वास जरा खाली बसला. त्यांनी डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. ती घाईघाईने सांगायला लागली की चूक सापडली, दुरुस्तही झाली, आता स्क्रीनवर 'परवा होतं' आणि 'परवा आहे' असं वेगवेगळं येईल. मग ती म्हणाली, मला माफ करा बाबा, मी विचारायला हवं होतं.

"त्या पोरीला मी निदान विचारलं तरी, कोणता परवा म्हणून," बाबा म्हणाले. "तू तीन आठवडे परवा येते म्हणत होतीस. तुला मात्र विचारायचा धीर झाला नाही."

थोरलीने लॅपटॉप मिटून स्टुलाखाली ठेवला. मशीनचे अजून तीन तास बाकी होते.