किलोमीटरला चार साठ

माझ्या बहिणीचे यजमान सुश्रुतराव यांनी दहा वर्षांच्या गाडीला चाळीस हजारांचं गॅसकिट बसवलं. तेव्हापासून नगरच्या सावेडीत त्यांना कोणी 'कसे आहात' असं विचारत नाही. ते उत्तरात 'किलोमीटरला चार साठ' सांगतात. पेट्रोलवर साडेसहा पडायचे. गाडी महिन्याला फिरते दोनशे किलोमीटर. म्हणजे किट वसूल व्हायला जवळजवळ नऊ वर्षं. तोवर गाडी भंगारात जाईल आणि सुश्रुतराव नफ्यात असतील.

परवाच्या रविवारी भाचीचं लग्न या गाडीत ठरायचं होतं. ईराला अवधूत बरा वाटला होता. होकार की नकार, ते संध्याकाळी सांगायचं होतं. तोवर दोन्ही घरांनी कुठं तरी फिरून यावं, असं निघालं. सुश्रुतरावांनी शिंगणापूर काढलं. सोयरीक जुळवायला शनीच्या दारी कोण जातं? पण गॅसचा पंप त्याच रस्त्याला, वेगळी फेरी पडत नाही.

मुलाचे वडील नृसिंहपंत पुढं बसले. मागं ईरा, अवधूत आणि मी. डिकीत गॅसची टाकी, म्हणून सगळ्यांच्या पिशव्या आमच्या मांडीवर. इमामपूरचा घाट लागताच सुश्रुतरावांनी एसी बंद केला.

"घाटातली हवा तब्येतीला चांगली."

गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हली, पहिल्यावर आली आणि थांबली. पाच माणसं चढवता चढवता गॅस संपला होता.

"पेट्रोलवर टाका की," मी म्हणालो.

"पेट्रोल नाहीये. एवढं महागाचं कशाला भरून ठेवायचं?"

मला वाटलं, नृसिंहपंत आता तडक घरी जाणार. त्यांनी सुश्रुतरावांचा हात हातात घेतला.

"अगदी आमच्या घरचं धोरण! चार साठ म्हणालात?"

दोघांचं असं काही जमलं, की लग्न त्यांचंच लावावं.

"माथा जवळच आहे, ढकला," सुश्रुतराव म्हणाले. "पुढं पंपापर्यंत उतारच आहे." स्टिअरिंगला मालक हवा आणि मालकाशेजारी पाहुणा, म्हणून ते दोघं बसूनच राहिले. ईरानं नव्या साडीचा पदर खोचला आणि माझ्या शेजारी जोर लावला. अवधूतही उतरला, पण मोबाईल घेऊन.

"मामा, उतारावर न्यूट्रलला सोडली, तर सरासरी चार दहावर येते!"

"आणि मी ढकलतेय ते कशात धरलंस?" ईरानं विचारलं.

"ते फुकटच ना!"

तो हसलासुद्धा नाही. खरोखरच हिशेब सांगत होता.

ईरानं हात काढला. गाडी मागं घसरली, सुश्रुतरावांनी हँडब्रेक ओढला. नगरकडं जाणारी एसटी वरून येत होती. ईरानं हात केला.

"अवधूत, संध्याकाळची वाट बघू नकोस. माझा नकार आहे."

ती चढली. बापानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, पोरीला आता परत बोलावतील.

"ईरा, बायकांना अर्धं तिकीट असतं गं! पूर्ण देऊ नकोस!"

शेजारी नृसिंहपंतांनी समाधानानं मान डोलावली.